विद्येचे ऋण आणि त्याचे जामीन

जून-जुलैचे दिवस आले की आमच्या चर्चच्या कार्यालयात एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. भिजलेली छत्री दाराबाहेर टेकवून एखादे जोडपे आत येते आणि पाठोपाठ नुकताच बारावी पार केलेला मुलगा किंवा मुलगी. हातातील प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची चळत असते : प्रवेशपत्र, शुल्काचा तक्ता, उत्पन्नाचा दाखला, सातबाराचा उतारा. "फादर, बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, आणि हा बँकेचा कागद जरा वाचून सांगा," एवढीच त्यांची विनंती असते. दाखला देणे सोपे. कागद वाचून सांगणे मात्र तितकेसे सोपे नाही.

काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ आले होते, पण ते जून महिन्यात नव्हे आणि दाखल्यासाठीही नव्हे. फुलांच्या वाडीवर संसार केलेला हा माणूस. मुलाला अभियांत्रिकीला घातले होते. विषय राहत गेले, तिसऱ्या वर्षी मुलाने महाविद्यालय सोडले आणि मिळेल ती नोकरी धरली. नंतर बँकेची नोटीस आली, तीवर मुलाच्या नावाबरोबर बापाचेही नाव होते. "फादर, मला वाटलं, मी साक्षीदार म्हणून सही केली," असे ते म्हणाले. त्यांनी केलेली सही साक्षीदाराची नव्हती, सहकर्जदाराची होती. बँकेने कोणतीही लबाडी केली नव्हती. कागदावर सारे स्वच्छ छापलेले होते. फक्त ते त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते, आणि आम्हीही नाही.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या इतिहासाकडे वळलो. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. विद्यार्थ्याला कर्ज देणाऱ्या प्रत्येक योजनेपुढे, मग ती धर्मपीठाची असो, संस्थानची असो वा लोकशाही सरकारची, एकच प्रश्न उभा राहिलेला आहे : घेतलेले शिक्षण फळाला आले नाही, तर नुकसान कोणी सोसायचे? व्याजाचा दर, मुदत, मर्यादा हे सारे तपशील त्यामागून येतात. या प्रश्नाला निरनिराळ्या काळी कोणती उत्तरे दिली गेली, ते वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पेटीतले कर्ज

विद्यार्थी-कर्ज ही कल्पना आधुनिक बँकांच्या कितीतरी आधीची आहे. १२०९ साली इंग्लंडातील ऑक्सफर्ड येथे नगरवासी आणि विद्यार्थी यांच्यात मोठा बखेडा झाला. काही विद्यार्थ्यांना फाशी देण्यात आले आणि गुरुशिष्य गाव सोडून पांगले. १२१४ साली पोपमहोदयांच्या प्रतिनिधीने या तंट्याचा निवाडा केला. नगरवासीयांनी गरीब विद्यार्थ्यांसाठी दरसाल ५२ शिलिंग भरावेत, असे त्यात एक कलम होते. पुढे १२४० साली लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी या पैशाला शिस्त लावून दिली. संत फ्राइड्सवाइड हिच्या नावाच्या मठात एक पेटी ठेवण्यात आली. गरजू विद्यार्थ्याने ग्रंथ किंवा एखादी मौल्यवान वस्तू गहाण ठेवावी, बिनव्याजी रक्कम उचलावी आणि मुदतीत ती परत करून आपली वस्तू सोडवून न्यावी, अशी ही रीत. मुदत टळली तर वस्तू विकली जाई.

आजच्या दृष्टीने ही व्यवस्था अगदी प्राथमिक वाटेल. परंतु तिच्यातील दोन गोष्टी विसरू नयेत. एक, विद्येच्या कर्जावर व्याज नव्हते. दुसरी, वसुली होई ती गहाण ठेवलेल्या वस्तूतून. ऋणाला सीमा होती आणि ती सीमा ऋणकोच्या डोळ्यांसमोर, त्या पेटीशेजारी ठेवलेली होती.

संस्थानचा करार

आपल्याकडे शिक्षणासाठी पैसा उभा करण्याची परंपरा दानाची आणि शिष्यवृत्तीची. तरीही परतफेडीची अट घालून मदत करण्याची उदाहरणे जुनी आहेत. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला, तो मुख्यतः कर्ज-शिष्यवृत्तीचा होता. एकाने फेडलेले पैसे दुसऱ्याच्या शिक्षणाला लागावेत, ही त्यामागची दृष्टी. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे याच निधीच्या साहाय्याने केंब्रिजला गेले. हा निधी खासगी होता. सरकारच्या बाजूने पाहायचे तर बडोदे संस्थानचे उदाहरण घ्यावे लागेल.

सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१३ साली भीमराव रामजी आंबेडकर या तरुण पदवीधराला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. तिच्यासोबत एक करार होता : शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. म्हणजे परतफेड पैशाने नव्हे, सेवेने. करार प्रामाणिक होता आणि दोन्ही पक्षांना मान्य होता. १९१७ साली आंबेडकर तो पाळण्यासाठी बडोद्यास गेलेही. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाईदेखील अंतर राखून कागद टाकीत. अखेर त्यांना मुंबईला परतावे लागले. १९२० साली अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज, अशी जुळवाजुळव त्यांना करावी लागली.

करार पाळण्याची इच्छा असूनही समाज तो पाळू देत नाही, तेव्हा दोष कोणाचा? कर्जदाराची फेडण्याची नियत आणि फेडण्याची परिस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेतून जसे दिसते तसे क्वचितच कोठे दिसत असेल.

त्याच काळात महाराष्ट्राने आणखी एक वाट पाहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग खेड्यापाड्यांतील मुलांना दाखवला. तेथे ऋण नव्हते; घाम होता. पुढे यशवंतराव चव्हाण यांच्या कारकीर्दीत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी मिळू लागली. 'ईबीसी' या तीन अक्षरांनी आमच्या पिढीच्या कित्येक घरांत पहिला पदवीधर घडवला, हे आमचे अनेक वाचक आपल्या अनुभवाने सांगतील.

बिनव्याजी वर्षे

स्वतंत्र भारताच्या केंद्र सरकारने विद्यार्थी-कर्जाच्या क्षेत्रात पहिले मोठे पाऊल टाकले ते १९६३ साली. 'राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना' हे तिचे नाव. गुणवान पण गरजू विद्यार्थ्याला बिनव्याजी कर्ज मिळे आणि कमावू लागल्यावर त्याने ते हप्त्यांनी फेडायचे असे. या योजनेतील एक कलम आम्हाला विशेष हृद्य वाटते. कर्ज घेतलेला विद्यार्थी पुढे शिक्षक झाला, तर त्याच्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. दहा वर्षे शाळेत शिकवणारा मनुष्य ऋणमुक्त. बडोद्याच्या करारातील सेवेने फेडण्याची कल्पना येथे पुन्हा दिसते, फक्त धनी बदलला : संस्थानच्या जागी वर्गातली मुले आली.

ही योजना सुमारे तीन दशके चालली आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. वसुली फारच थोडी झाली. कर्ज देणारे खाते शिक्षणाचे होते. वसुली करण्याची यंत्रणा त्याच्यापाशी नव्हती. मुले नोकरीनिमित्त गाव बदलत, राज्य बदलत. पत्ता हरवला की कर्जही हरवे. शिवाय वाढत्या महागाईत बिनव्याजी परत आलेल्या रुपयाची किंमत उरत नसे, त्यामुळे दुसऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पोचणारी रक्कम दर वर्षी आटत गेली. आमच्या प्रश्नाच्या भाषेत सांगायचे तर नुकसान सरकारने सोसले. पण ते डोळे उघडे ठेवून सोसले नाही, नुसते होऊ दिले. ज्यांना फेडता येत होते त्यांनीही फेडले नाही, याची किंमत मागून येणाऱ्या मुलांनी मोजली. ही चूक विद्यार्थ्यांची आणि पालकांचीही होती. सरकारचा पैसा म्हणजे कोणाचाच पैसा नव्हे, ही आपली जुनी समजूत तिच्या मुळाशी होती.

विनाअनुदानित युग

दरम्यान महाराष्ट्रात एक मोठा बदल घडून गेला होता. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्याची मुभा दिली. मुलांना कर्नाटकात जाऊन देणगी भरावी लागू नये, येथेच जागा उपलब्ध व्हाव्यात, असा युक्तिवाद होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. जागा वाढल्या, हे खरेच. पण 'विनाअनुदानित' या शब्दाचा साधा अर्थ असा की, सरकार ज्या खर्चातून हात काढून घेते, तो खर्च कुटुंबाच्या हाती येतो.

१९९१ च्या आर्थिक अरिष्टानंतर ही दिशा अधिक स्पष्ट झाली. विद्यापीठांच्या अर्थव्यवहाराचा विचार करणाऱ्या पुन्नय्या समितीने १९९३ च्या सुमारास असे सुचवले की, विद्यापीठांनी आपल्या खर्चाचा काही भाग स्वतः उभारावा. पाच वर्षांत १५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्याच्या निकालात व्यावसायिक महाविद्यालयांतील जागांची 'मोफत' आणि 'सशुल्क' अशी वाटणी केली. २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात मोठ्या घटनापीठाने ती रचनाही बाजूला सारली आणि नफेखोरीला मनाई ठेवून संस्थांना शुल्क ठरवण्याची बरीच मोकळीक दिली. शुल्क वाढत गेले. १९६३ ची बिनव्याजी योजना मात्र तोवर संपली होती. ही पोकळी कोण भरून काढणार होते?

२००१ ची योजना

ती बँकांनी भरून काढली. २००१ च्या अर्थसंकल्पाच्या सुमारास भारतीय बँक संघाने एक आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली आणि रिझर्व्ह बँकेने ती एप्रिल २००१ मध्ये सर्व व्यापारी बँकांना कळवली. देशात शिकण्यासाठी साडेसात लाखांपर्यंत आणि परदेशी शिकण्यासाठी १५ लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची मूळ मर्यादा होती. चार लाखांपर्यंत तारण नाही. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थाचा जामीन. त्याहून अधिक रकमेला मालमत्तेचे तारण. मर्यादा पुढे वाढल्या, मुदतही वाढून १५ वर्षांपर्यंत गेली. चौकट तीच राहिली.

लोक तिला सरकारी कर्ज म्हणतात. नियम सरकारच्या प्रेरणेने झाले, म्हणून तसे म्हणायला हरकत नाही. पण पैसा बँकेचा आणि हिशेब बँकेचा आहे, हे विसरता कामा नये. पालक या कर्जात सहकर्जदार असतात. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे सुमारे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. याला बँकेच्या भाषेत 'मोरॅटोरियम' म्हणतात आणि आपले लोक 'सूट' म्हणतात. घोटाळा या 'सूट' शब्दात आहे. सूट हप्त्याला आहे, व्याजाला नाही.

एक नमुन्याचा हिशेब मांडून पाहू. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या आरंभी दीड लाख, असे एकूण सहा लाखांचे कर्ज उचलले आणि व्याजाचा दर १० टक्के धरला. सुटीच्या पाच वर्षांत सरळव्याजाने २,१०,००० रुपये चढतात. ते मुद्दलात मिळवले की पहिला हप्ता सुरू होतो, त्या दिवशी डोक्यावर सहा नव्हे, ८,१०,००० रुपये असतात. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,७०० रुपयांचा आणि एकूण भरणा साडेपंधरा लाखांच्या वर. हेच पाच वर्षांचे व्याज ज्या त्या वेळी भरून टाकले असते, तर हप्ता सुमारे ६,४५० रुपयांवर आला असता आणि अखेरीस सगळे मिळून सुमारे दोन लाख रुपये वाचले असते. बापाला वाटते, मुलगा कमवेपर्यंत कर्ज झोपलेले आहे. ते झोपलेले नसते.

हे ध्यानात आल्यावर केंद्र सरकारने २००९ पासून एक चांगली तरतूद केली. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे, त्याच्या मुलाच्या व्यावसायिक किंवा तांत्रिक अभ्यासक्रमाच्या कर्जावरील सुटीच्या काळातील व्याज विशिष्ट मर्यादेपर्यंत सरकार भरते. वरच्या नमुन्यातील २,१०,००० रुपयांचा भार त्यामुळे उतरतो. परंतु तिलाही अटी आहेत. पुढे संस्थेला वा अभ्यासक्रमाला नॅक किंवा एनबीएची मान्यता असणे आवश्यक ठरले. आणि मुलाने आजारपणासारखे कारण नसताना अभ्यास मध्येच सोडला, तर ही मदत मिळत नाही. म्हणजे जो अडखळून पडला, त्याच्याच पाठीवर व्याज राहते. आमच्या त्या फुलवाडीवाल्या गृहस्थांच्या घरी नेमके हेच घडले होते.

२०१५ साली विद्यालक्ष्मी संकेतस्थळ सुरू झाले आणि एकाच जागी अनेक बँकांकडे अर्ज करण्याची सोय झाली. त्याच वर्षी पतहमी निधीची योजनाही आली. साडेसात लाखांपर्यंतच्या विनातारण कर्जात थकबाकी झाली, तर तिच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई निधीतून होते. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ही भरपाई बँकेला मिळते. कर्जदार सुटत नाही. त्याचे देणे तसेच राहते आणि वसुलीही चालू राहते. हमी आहे, पण ती देणाऱ्याची आहे, घेणाऱ्याची नव्हे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम विद्यालक्ष्मी' या योजनेला मंजुरी दिली. देशातील ८६० नामांकित संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण आणि जामीन यांशिवाय कर्ज; आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, वर्षाला एक लाखापर्यंत विद्यार्थ्यांना, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सुटीच्या काळात तीन टक्के व्याजसवलत. योजना स्वागतार्ह आहे. पण तिची निवड पाहा. ज्या संस्थांतून बाहेर पडणाऱ्यांना नोकरी मिळण्याची शक्यता अधिक, तेथे सरकार जामीन होऊन उभे राहते. जिल्ह्याच्या गावी, साध्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला हा लाभ नाही. त्याच्यासाठी २००१ चीच चौकट आणि बापाची सही.

शिक्षण फळाला आले नाही म्हणजे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण केरळचे आहे. तेथील असंख्य मुलींनी कर्ज काढून, बहुधा परराज्यांत जाऊन, परिचारिकेचे शिक्षण घेतले. पदवी मिळाली, नोकरीही मिळाली. पण खासगी रुग्णालयांतील पगार इतका तुटपुंजा की हप्ता जाईना. २०११-१२ च्या सुमारास परिचारिकांचे संप झाले, त्यामागे वेतनाइतकाच या कर्जांचा जाच होता. अखेर केरळ सरकारने २०१७ साली ९०० कोटी रुपयांची परतफेड साहाय्य योजना आणली. या मुली नापास झाल्या नव्हत्या. त्यांनी अभ्यास सोडला नव्हता. त्यांनी रात्रपाळ्या केल्या होत्या. बडोद्याची आठवण येथे पुन्हा होते : फेडण्याची नियत होती, परिस्थिती नव्हती.

परदेशातील दोन वाटा

इतर देशांनी या प्रश्नाचे काय केले? अमेरिकेत १९५८ साली, रशियाच्या स्पुटनिकने दिलेल्या धक्क्यानंतर, सरकारी विद्यार्थी-कर्ज सुरू झाले. आरंभी त्यातही शिक्षक होणाऱ्याला कर्जाचा काही भाग माफ असे. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली, ती टेक्ससमधील सॅन मार्कस येथे, ते स्वतः ज्या महाविद्यालयात शिकले होते तेथे जाऊन. हेतू उदात्त होता. पुढे शुल्क वाढत गेले, कर्ज वाढत गेले आणि १९७६ पासून एकेक पाऊल टाकीत, १९९८ पर्यंत कायदा असा कडक झाला की, धंद्यात बुडालेला मनुष्य दिवाळखोरी जाहीर करून जे सहज सोडवून घेऊ शकतो, ते सरकारी विद्यार्थी-कर्ज अपवादात्मक हालअपेष्टा सिद्ध केल्यावाचून सुटत नाही. आज त्या देशात चार कोटींहून अधिक लोकांच्या डोक्यावर असे सरकारी कर्ज आहे. एकूण रक्कम दीड लक्ष कोटी डॉलरांच्या वर. त्यातील काही भाग माफ करण्याची राष्ट्राध्यक्ष बायडन यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये रद्द केली. तेथे नुकसान सोसतो तो विद्यार्थी. आणि कित्येकदा म्हातारपणापर्यंत.

ऑस्ट्रेलियाने १९८९ साली वेगळी वाट धरली. विद्यार्थ्याच्या वाट्याचे शुल्क सरकार भरते. पुढे त्याचे उत्पन्न एका ठरावीक मर्यादेवर गेले, म्हणजेच प्राप्तिकराबरोबर परतफेड कापली जाते. कमाई नसेल तर हप्ता नाही, नोकरी सुटली तर हप्ता आपोआप थांबतो. बापाची सही नाही, घराचे तारण नाही. महागाईप्रमाणे रक्कम वाढते, एवढेच. ती वाढही जाचक होऊ लागली, तेव्हा २०२५ साली तेथील संसदेने सर्वांचे कर्ज २० टक्क्यांनी कमी केले. दोष या पद्धतीतही आहेत. पण आमच्या मूळ प्रश्नाला तिने दिलेले उत्तर सरळ आहे : शिक्षण फळाला आले तर फेडा, नाही आले तर थांबा. आपल्याकडे मोठा वर्ग प्राप्तिकराच्या कक्षेबाहेर आहे, म्हणून ही रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण हप्ता उत्पन्नावर ठरावा, ही मागणी करण्यात काहीच गैर नाही.

सही करण्यापूर्वी

इतिहासाचा हा फेरफटका आम्ही कोणाला कर्जापासून परावृत्त करण्यासाठी घातलेला नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरे. पण जुन्या अंथरुणावर पाय आखडून बसलेल्या पिढ्याही आम्ही पाहिल्या आहेत. लग्नाच्या मांडवासाठी काढलेल्या ऋणापेक्षा मुलीच्या पदवीसाठी काढलेले ऋण शतपटीने चांगले. आमचे सांगणे एवढेच की, सही कशावर होते आहे ते कळू द्या.

सही करण्याआधी बापाने आणि आईने बँकेला चार प्रश्न विचारावेत. आम्ही साक्षीदार, जामीनदार की सहकर्जदार? सुटीच्या काळात चढणारे व्याज किती आणि ते दरमहा भरता येईल का? व्याजाच्या सरकारी मदतीला आमचे उत्पन्न आणि हे महाविद्यालय पात्र आहे का, आणि तिचा अर्ज कोण, केव्हा करणार? मुलाने अभ्यास सोडला किंवा नोकरी मिळायला उशीर झाला, तर काय होईल? चौथा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, अपशकुन वाटतो. परंतु साऱ्या इतिहासाचा मथितार्थ त्याच प्रश्नात आहे. याखेरीज, ख्रिस्ती समाज हा अधिसूचित अल्पसंख्य समाज असल्याने, १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या कमी व्याजाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी आपल्या राज्यातील महामंडळाकडे अवश्य करावी. परदेशी शिकणाऱ्यांसाठी असलेली 'पढो परदेश' ही व्याजसाहाय्य योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिच्या भरवशावर कोणी बेत आखू नये.

आणि एक गोष्ट आपल्या हाती आहे. वरच्या नमुन्यातील हिशेबात पहिल्या वर्षाचे व्याज केवळ १५,००० रुपये होते, दुसऱ्याचे ३०,००० रुपये. एका घराला हे जड जाते. धर्मग्रामाला जाऊ नये. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी वसईत सहकारी पतपेढीचा पाया घातला, तेव्हा आपल्या शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून उठवणे हाच प्रश्न होता. आज सावकार गेला, प्रश्नाने रूप बदलले. शिकून मिळवते झालेल्यांनी आपल्या पहिल्या पगारातून थोडे ठेवावे आणि त्यातून मागून येणाऱ्यांचे अभ्यासकाळातील व्याज भरले जावे, अशी एक पेटी आपल्या प्रत्येक चर्चमध्ये असू शकत नाही काय? बिशप ग्रोसटेस्ट यांच्या पेटीची सुरुवात अवघ्या ५२ शिलिंगांनी झाली होती.

त्या फुलवाडीवाल्या गृहस्थांनी बँकेशी बोलून मुदत वाढवून घेतली. मुलगा नोकरी करतो आहे. बापलेक मिळून हप्ता भरतात. अजून काही वर्षे बाकी आहेत. मध्यंतरी ते पुन्हा आमच्या कार्यालयात आले होते. या खेपेला पिशवीत धाकट्या मुलीचे प्रवेशपत्र होते. बँकेचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि आमच्या आधीच चष्मा लावून तो स्वतः वाचू लागले.